रोबोला वेल्डिंग शिकवलं आणि उस्तादांचा ठेका संपला

बुटीबोरी_फिटर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. गोष्ट मनातून जात नाही म्हणून.

मी आयटीआय केलेला फिटर, नंतर नोकरी करता करता डिप्लोमा. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नाव लिहीत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरमागे लावायच्या अवजारांच्या फ्रेम बनतात, म्हणजे मुख्य काम वेल्डिंगचं. गेल्या वर्षी शॉपमध्ये दोन रोबो आले. सहा सांध्यांचा हात, टोकाला मिग वेल्डिंगची टॉर्च, भोवती पिवळी जाळी. जाळीचं दार उघडलं की हात जागच्या जागी थांबतो.

लोकांना वाटतं रोबो येतो, बटण दाबलं की कामाला लागतो. तसं नसतं, त्याला शिकवावं लागतं. हातात पेंडंट, म्हणजे रोबोचा रिमोट घ्यायचा, त्यावरून रोबोचा हात बोटबोटभर सरकवत जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यावर न्यायचा आणि एकेक बिंदू साठवायचा. इथून सुरू कर, इथे कोन बदल, इथे वेग उतरव. दोन बिंदूंमधली वाट तो स्वतः धरतो. पण टॉर्च नुसती सरळ ओढत नेली तर सांधा नीट भरत नाही. ती किंचित डावी-उजवी झुलवत न्यावी लागते. किती झुलवायची, काठाला किती थांबायचं, हे सगळं आकड्यांत भरावं लागतं.

ते आकडे मी आणले उस्तादांच्या हातातून.

उस्ताद म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने वेल्डर. एकोणीस वर्षं त्याच शॉपमध्ये, पण कायम ठेकेदाराच्या हजेरीपटावर. ठेकेदार तीनदा बदलला, उस्ताद तेच. मी तीन दिवस काच लावून त्यांच्या शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "डोळ्यानं कमी पाह्य, कानानं ऐक. तेलात भजी सोडल्यावर जसा एकसारखा आवाज येते ना, तसा आला पाहिजे. फटफट झालं का समज वायर आणि करंटचं जमून नाई राहिलं." कोपऱ्यावर आले की त्यांचा हात एक क्षण थांबायचा, मनातल्या मनात 'एक' म्हणण्याएवढा. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून तो क्षण मोजला आणि प्रोग्रॅममध्ये ०.३ सेकंद भरले.

त्यांनी काहीही लपवलं नाही, हे मला जास्त लागतं. दुसऱ्या एखाद्याने 'तुझं तू पाहा' म्हटलं असतं.

चार महिन्यांत रोबो तिन्ही पाळ्यांत चालू लागले. मार्चमध्ये ठेका संपला. नव्या ठेक्यात चौदा वेल्डरऐवजी पाच. उस्ताद त्या पाचांत नव्हते. वय बावन्न, नजर थोडी अधू झालेली. निरोप नाही, नोटीस नाही. एक तारखेला गेटवर पास चालला नाही, एवढंच.

पुढच्या आठवड्यात आमच्यासमोर एक सादरीकरण झालं. त्यात वाक्य होतं की ऑटोमेशनमुळे कंपनीतला एकही कामगार कमी केलेला नाही. मी घरी येऊन त्यावर विचार केला. कागदावर ते वाक्य खरं आहे! उस्ताद कंपनीचे कामगार कधी नव्हतेच.

मी यंत्राच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावरच आहे. वेल्डिंगचा धूर छातीत घेणं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. पण ज्याचा हात बघून यंत्र शिकलं त्याचं पुढे काय व्हायला हवं होतं? कायद्यात काही आहे का? नागपुरात याआधी अशी वेळ आली तेव्हा काय झालं, कोणाला माहीत असेल तर लिहा.

सोमलवाडा_सकाळ

वाचून वाईट वाटलं. पण जगाबरोबर चालावंच लागणार, भाऊ. टाइपरायटर गेले, एसटीडी बूथ गेले. नवीन कामं निघतातच.

गांधीसागर_काठ

फिटरभाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. जुन्या नागपूरबद्दल वाचायची मला आवड आहे.

या शहरातला मोठा कारखाना उभा राहिला तोच यंत्राच्या धाडसावर. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्या काळी सूत काढायला 'म्यूल' नावाचं यंत्र असे. चालवायला अवजड, त्यावरचा सूत कातणारा चांगला मुरलेला लागे. पुढे १८८० च्या दशकात जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी इथे रिंग स्पिंडल आणून पाहिली. यंत्रं बनवणाऱ्या खुद्द इंग्लंडमध्ये तेव्हा रिंगबद्दल लोक साशंक होते. रिंग थांबत नाही, सूत ओढत आणि गुंडाळत एका दमात चालते आणि तिच्यावर नवखा माणूसही लवकर तयार होतो. म्हणजे मुरलेल्या हाताची किंमत यंत्राने खाली आणायची, ही गोष्ट नागपुरात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

पण त्याच मिलमध्ये १९०१ मध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी सुरू झाला, देशात तसा कायदा यायच्या अर्धशतक आधी. यंत्र आणणारा आणि माणसाच्या म्हातारपणाचा विचार करणारा मालक एकच होता. दोन्ही एकत्र होऊ शकतं, म्हणून लिहिलं.

मुंबईत १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संपही याच मुद्द्यावर पेटला होता. एका माणसाने जास्त माग सांभाळायचे. मालक त्याला सुसूत्रीकरण म्हणत, कामगार म्हणत आमच्यातले किती घरी जाणार ते सांगा.

गिरणीवाल्याची_लेक

काठदादा, तुम्ही मिलचं नाव काढलं म्हणून लिहिते. माझे बाबा इथल्याच एका मिलमध्ये विणाई खात्यात होते. कोणती ते राहू द्या.

आमचं घर बुडालं ते यंत्र आलं म्हणून नाही. नवीन यंत्र आलंच नाही म्हणून. बाबा सांगायचे, आमचे माग आमच्या बाबांच्या वयाचे आहेत. सुटा भाग मोडला की दुसऱ्या बंद मागाचा काढून लावायचे. बाहेर यंत्रमागावर तोच कपडा स्वस्तात निघत होता. शेवटची दोन-तीन वर्षं ते कामावर जायचे, हजेरी लावायचे आणि बसून यायचे. घरी आले की हात धुवायचे, पूर्वीसारखेच, कोपरापर्यंत साबण लावून. हातावर तेलाचा डागही नसायचा. आई काही बोलायची नाही.

म्हणून सोमलवाडा_सकाळ यांना एवढंच सांगायचं आहे की नवीन कामं निघतात हे बरोबर, पण ती त्याच माणसासाठी निघत नाहीत. बाबा पन्नाशीत होते. त्यांना कॉम्प्युटर कोण शिकवणार होतं? नवीन काम माझ्या भावाला मिळालं, आठ वर्षांनी. मधली आठ वर्षं आईने शिवणकामावर काढली.

सोमलवाडा_सकाळ

ताई, माझं लिहिणं घाईचं झालं. पटलं तुमचं.

उमरेड_रोड_शेती

मी आपल्या बोलीतच लिहितो, समजून घ्या.

शेतातली गोष्ट उलटी हाय भाऊ. सोयाबीन सोंगाले आलं का चार दिवसांत काढा लागते, नाई तं शेंगा तडकते. वरून पाणी आलं तं दाणा काळा पडते. त्या चार दिवसांत साऱ्या गावाले मजूर पायजे. मिळत नाई. आपल्याच गावची पोरं बुटीबोरीले अन् हिंगण्याले गाडीनं जाऊन राहिली. मंग पंजाबचा हार्वेस्टर येते, एकरावर भाव लावते आणि दोन घंट्यांत वावर मोकळं करते. दाणा फुटते थोडा, खालच्या शेंगा राहून जाते. पण घरात माल येते.

आता ज्या बाया सोंगणीले यायच्या त्याईचं काय? त्याईच्या वर्षातली पंधरा-वीस दिवसांची रोख मजुरी गेली. तेवढ्यात त्या लेकराईचे कपडे, दिवाळी, उधारी सारं पाहायच्या. हार्वेस्टरवाला पैसे घेऊन पंजाबात जाते, गावात काई राहत नाई. माही चुलती मले म्हणे, "मशीननं माही दिवाळी नेली." मी काय सांगू? मीच बोलावली होती मशीन.

कापसाचं अजून वेगळं हाय. वेचणी बायाईच्याच हातची हाय, मशीन येत नाई कारण आपली पराटी उंच आणि बोंडं एका वक्ती फुटत नाई. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था हाय, ते लोक दाट लागवडीचं सांगून राहिले. झाड बुटकं, बोंडं एकदमच फुटली पायजे. तसं झालं का वेचणीचं मशीनबी येईन. वेचणीचे दिवस तं सोंगणीपेक्षा कितीतरी जास्त. त्या दिवसाची तयारी कोणी करून राहिलं का, हे मले कोणी सांगा.

मिहान_नाईटशिफ्ट

दादा, तुमच्या चुलतीचं वाक्य डोक्यातून जाईना.

मी मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या उद्योगक्षेत्रात, सॉफ्टवेअर सपोर्टला आहे. आमच्याकडे जाळी नाही, टॉर्च नाही, पण तेच सुरू आहे. ग्राहकाची तक्रार आली की पहिलं उत्तर आता एआय देतो. पासवर्ड, लॉगिन, बिल दिसत नाही, असली सोपी तिकिटं, म्हणजे नोंदलेल्या तक्रारी, आमच्यापर्यंत येतच नाहीत. उत्तर कसं द्यायचं हे तो आमच्याच जुन्या उत्तरांवरून शिकला. माझी सहा वर्षांची उत्तरं त्यात आहेत.

कोणाला काढलं नाही. फक्त दोन वर्षं झाली, आमच्या टीममध्ये एकही फ्रेशर आला नाही. मी इंजिनिअरिंग करून आले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. त्या सोप्या तिकिटांवरच शिकले. रात्री तीनला पुण्याच्या एका ताईने फोनवर धरून शिकवलं. आता ती पायरीच निघाली तर आपल्या इथल्या कॉलेजांतून दरवर्षी निघणारी मुलं वर चढणार कशी? न भरलेल्या जागेसाठी मोर्चाही निघत नाही, कारण ती कोणाची होती हेच कोणाला ठाऊक नसतं.

अर्थशास्त्र_तास

या विषयावर दोन आकडे वारंवार फेकले जातात. ऑक्सफर्डच्या फ्राय आणि ऑसबोर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना मोठा धोका सांगितला. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात त्या देशांसाठी हाच आकडा सरासरी ९ टक्के निघाला. इतका फरक कसा? पहिल्यांनी अख्खा व्यवसाय मोजला, दुसऱ्यांनी व्यवसायातली कामं सुटी करून मोजली. बहुतेक व्यवसायांत काही कामं यंत्राला जमतात, काही जमत नाहीत.

फिटरभाऊंच्या शॉपमध्ये हेच झालं असणार. सरळ, एकसारखे सांधे रोबोकडे गेले. जॉब वाकडा आला, फट जास्त राहिली, तिथे माणूस लागतोच. म्हणून चौदाचे शून्य झाले नाहीत, पाच झाले. पण ते पाच कोण, हे यंत्र ठरवत नाही. ते कोणी तरी टेबलावर बसून ठरवलं आहे आणि तिथेच प्रश्न विचारायला हवा.

संविधान_चौक

जय भीम. वेगळी बाजू मांडतो.

रोबो हा शब्द १९२० साली एका चेक नाटकातून आला. मूळ शब्द 'रोबोता', म्हणजे वेठबिगारी. आपल्याकडे वेठबिगारी काय असते हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलं, त्यांना यंत्राची भीती वेगळी वाटते आणि आशाही वेगळी.

बाबासाहेब आणि गांधीजी यांचा यंत्रावर सरळ मतभेद होता. आपल्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर सेवाग्राम. तिथून चरख्याचा आग्रह होत होता. बाबासाहेबांचं म्हणणं असं की माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवायला यंत्रच लागेल. यंत्राने फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस वाढत नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या हातात ठेवणाऱ्या समाजरचनेचा. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडेच होतं. मात्र गांधीजी प्रत्येक यंत्राच्या विरोधात होते असंही नाही. चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस १९२९ मध्ये त्यांच्याच चरखा संघाने लावलं होतं. एक लाख, त्या काळी.

आता गटाराकडे या. मैला हाताने उचलायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणूस मॅनहोलमध्ये उतरतो आणि वायूने मरतो. केरळच्या काही तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचा रोबो काढला, २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो उतरवला. पाय पसरून तोंडाशी उभा राहतो, हात आत सोडतो, माणूस वर पडद्यावर पाहत चालवतो. हा रोबो तर प्रत्येक वस्तीत आला पाहिजे, आजच आला पाहिजे. इथे कोणी 'रोजगार जाईल' म्हणू नये. माझ्या मामेभावाने हे काम केलं आहे. त्याच्या कपड्यांचा वास आणि त्याच्या मुलाने शाळेत बापाचं काम 'ड्रायव्हर' सांगणं, दोन्ही मी पाहिलं आहे.

पण रोबो चालवणारी खुर्ची मामेभावाला मिळाली पाहिजे, कोणा ठेकेदाराच्या भाच्याला नको. २०२३ मध्ये केंद्राची 'नमस्ते' योजना आली, तिच्यात सफाई कामगारांनाच यंत्रासाठी भांडवली अनुदानाची सोय आहे. फिटरभाऊ, उस्तादांच्या बाबतीत मागायचं तेच. खुर्ची.

वेकोलि_निवृत्त

सर्वांना नमस्कार. सिलेवाडा भागातल्या भूमिगत खाणीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. खुर्चीचा मुद्दा निघाला म्हणून थोडक्यात.

आमच्या काळात सुरुंग उडाला की लोडर टोपल्यांनी, फावड्यांनी कोळसा गाडीत भरत. मजुरी गाडीच्या हिशोबाने, म्हणजे पीस रेट. मग एसडीएल मशीन आलं. पुढे बकेट, कोळसा उचलतं आणि बाजूला रिकामं करतं. एका मशीनने कितीतरी लोडरांचं काम घेतलं. भांडणं झाली, युनियनने काम थांबवलं, सगळं झालं. शेवटी लोडरांना पीस रेटवरून टाइम रेटवर, म्हणजे दिवसाच्या पगारावर घेतलं. कोणी खाणीच्या छताला टेकू द्यायच्या सपोर्टला गेला, कोणी बेल्टवर, कोणी मशीनचा मदतनीस झाला आणि नंतर चालवायलाही शिकला. मी त्यांतला एक.

हे जमलं कारण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आम्ही रजिस्टरवर होतो. माणूस कागदावर असला की त्याला कुठे तरी बसवावं लागतं. आता खाणीतही आउटसोर्सिंग आलं आहे. त्या पोरांचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये आहे हे त्यांना स्वतःला सांगता येत नाही.

लेबर_कोर्ट_फाइल

मी कामगारांची प्रकरणं चालवते. फिटरभाऊंनी कायद्याचं विचारलं आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं आणि चौथ्या अनुसूचीत दहावी बाब. सुसूत्रीकरण, प्रमाणीकरण किंवा यंत्र-तंत्रातली अशी सुधारणा, जिच्यामुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे, ती करायची तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. म्हणजे रोबोसाठीची नोटीस कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीपासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. बदलाच्या नोटिशीची तरतूद तिच्यातही आहे. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी मात्र पूर्वी १०० कामगारांपासून लागे, आता ३०० पासून लागते. नवीन एक गोष्ट म्हणजे पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याचा शेवटचा १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा.

पण हे सगळं कपात झालेल्यासाठी. उस्तादांची कपात झाली असं कंपनीच्या कागदावर दिसत नाही, ठेका संपला एवढंच दिसतं. ठेका कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. ठेका नुसता देखावा होता हे सिद्ध करता आलं तर वाट आहे. एकोणीस वर्षं, तीन ठेकेदार, तेच शॉप, तोच सुपरवायझर. जुने गेटपास, पीएफचे उतारे, सुट्टीचे अर्ज, ज्यावर कंपनीच्या माणसाची सही आहे असं काहीही असेल तर उस्तादांना जपून ठेवायला सांगा. पीएफचा हिशोब तिन्ही ठेकेदारांकडचा जुळतो का, ते आधी पाहा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या पाच-सहा जणांचा तिथेच घोळ निघतो.

आणखी एक. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो, रोज वेगळ्याचा माल उचलतो. म्हणून त्याची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि व्यापाऱ्याने वरून लेव्ही भरायची, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. जो कोणाचाच नाही त्याला रजिस्टरवर आणायची ही रीत आपल्याच राज्याने शोधली. वेल्डर, फिटर, पेंटर यांच्यासाठी एमआयडीसी पातळीवर असं मंडळ असतं, रोबो बसवणाऱ्याने त्यात लेव्ही भरली असती, तर उस्तादांना निदान पुढचं काम मिळेपर्यंतचा आधार आणि शिकायचा खर्च मिळाला असता. मला ही मागणी करण्यासारखी वाटते.

उमरेड_रोड_शेती

ताई, हे मंडळ सोंगणीच्या बायाईसाठीबी होऊ शकते का? हार्वेस्टर एकरावर भाव लावते, त्यातच दहा-वीस रुपये लेव्ही लावा. मी पयले देतो.

बुटीबोरी_फिटर

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, वकीलताईंचे खास.

रविवारी टाकळघाटला उस्तादांकडे जाऊन आलो. ते घराच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करून देतात, काम लागेल तसं. काकूंनी चहा दिला. ताईंनी सांगितलेले कागद विचारले. एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळं निघालं. अकरा गेटपास, आणि २०१४ चं एक प्रशस्तिपत्र, सुरक्षा सप्ताहाचं, कंपनीच्या लेटरहेडवर. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ताईंकडे येतो, मेसेज केला आहे.

निघताना त्यांनी विचारलं, "तो कोपरा कसा करते तुमचा रोबो?"

मी मोबाइलमधला पेंडंटच्या स्क्रीनचा फोटो दाखवला. त्या कोपऱ्यावर आमचं रीवर्क फार येत होतं, पाचांपैकी एक जण दिवसभर तेच ग्राइंड करून पुन्हा हाताने भरत असतो. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आकड्यावर बोट ठेवलं. "हे तीन काहून ठेवलं? मी थांबत होतो तो जॉब ताजा, फट नाई त्याच्यात. तुमच्या जॉब धरायच्या फिक्स्चरमध्ये फट राहते. पाच कर. पण करंट थोडा उतरव, नाई तं पत्रा जळते."

सोमवारी मी ०.५ केलं, करंट उतरवला. पहिल्या पाळीत त्या कोपऱ्याचा एकही जॉब परत आला नाही. दुसऱ्या पाळीतही नाही.

कालच एचआरला लेखी अर्ज दिला. बदल कोणाच्या सांगण्यावरून केला ते नावासकट लिहिलं आहे. रोबो सेलवर ऑपरेटरच्या दोन जागा रिकाम्या आहेत, त्यांतली एक उस्तादांना द्यावी, पेंडंट मी शिकवतो, आणि ती मिळेपर्यंत या कामाचे पैसे त्यांना मिळावेत, असं मागितलं आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.